रातांब्याच्या बियांतील मेद आणि हेक्झेनचे पर्याय : प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२४

१० जून २०२४

कुडाळ तालुक्यातील एका घरगुती आमसूल करणाऱ्या कुटुंबाकडून रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सुक्या बियांची दोन पोती, एकूण २६ किलो, आज प्रयोगशाळेत आणली. सोले काढल्यावर आणि आगळ गाळल्यावर उरणाऱ्या या बिया बहुतेक घरांत परसात पसरलेल्या दिसतात. ज्यांना वेळ असतो ते त्यांचे मुठेल (पाण्यात उकळून वेगळा केलेला घट्ट मेद) काढतात, बाकीच्यांच्या बिया व्यापारी नेतो किंवा त्या पावसात कुजतात. या घरातील आजी आजही दरवर्षी मुठेल काढतात. टाचांच्या भेगांना दुसरे काही लावायचेच नाही असा त्यांचा दंडक आहे. मगज किती जाड कुटावा, पाणी किती वेळ उकळावे आणि उतरवल्यावर भांड्याला हात का लावू नये, हे त्यांनी मला उभ्याउभ्याच सांगितले. ते मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतले आहे, कारण पाण्याचा प्रयोगही या प्रकल्पात करावयाचा आहे.

प्रकल्पाचा प्रश्न असा आहे. कोकणातील लहान उद्योगाला रातांब्याच्या बियांतील मेद काढावयाचा असेल, तर तेलगिरण्यांत वापरल्या जाणाऱ्या हेक्झेनऐवजी कोणता विद्रावक (मेद विरघळवून घेणारा द्रव) त्याला खरोखर परवडेल? येथे परवडणे म्हणजे केवळ विद्रावकाची किंमत नव्हे. विद्रावक परत मिळवण्यास लागणारी उष्णता, मेदात राहणारा अंश, उरलेल्या चोथ्याचे काय होते आणि काम करणाऱ्या माणसाच्या नाकातोंडात काय जाते, हे सगळे त्या हिशेबात धरले पाहिजे. या मेदाला बाजार आहे. युरोपीय संघाच्या २००० सालच्या चॉकलेटविषयक निर्देशात कोकोबटरशिवाय ज्या सहा वनस्पतिजन्य मेदांना पाच टक्क्यांपर्यंत मुभा आहे, त्यांत साल आणि आंब्याच्या कोयीच्या जोडीने कोकमही आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेतही कोकमाचा मेद चॉकलेटात वापरण्यावर काम झालेले आहे.

१४ जून २०२४

दोन दिवस केवळ फोडण्यात आणि दळण्यात गेले. लाकडी मोगरीने हलके ठोकले की कवच सुटते, जोरात ठोकले तर मगजही चिरडतो आणि मेद कवचाला लागून वाया जातो. १०० ग्रॅम बियांमागे सरासरी ६० ग्रॅम मगज मिळाला. १०५ अंशांवर ओव्हनमध्ये ठेवून मोजलेला मगजातील ओलावा ११.८ टक्के निघाला. मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर याहून कमी मिळणार नव्हता. सर्व मगज ५० अंशांवर सुकवून ओलावा सहा टक्क्यांवर आणला आणि पुढील सर्व प्रयोगांसाठी तोच आकडा प्रमाण मानला. (हा निर्णय मी फारसा विचार न करता घेतला, याची नोंद सप्टेंबरात पुन्हा करावी लागली.)

दळताना पहिली फजिती झाली. मिक्सर सलग अर्धा मिनिट चालवला आणि भांड्यात पिठाऐवजी पात्याला चिकटलेला तपकिरी गोळा मिळाला. या मेदाचा द्रवणांक ४० अंशांच्या आसपास आहे आणि घर्षणाने भांडे सहज तेवढे तापते. आता मगज रात्रभर शीतकपाटात ठेवतो, भांडेही थंड करून घेतो आणि तीन-तीन सेकंदांच्या झटक्यांत दळून २० नंबरच्या चाळणीतून काढतो. पीठ कोरडे, फिकट बदामी रंगाचे आणि मोकळे मिळते.

१९ जून २०२४

तुलनेसाठी पाया हवा म्हणून प्रथम हेक्झेनचेच निष्कर्षण केले. १० ग्रॅम पीठ थिंबलमध्ये (गाळणकागदाच्या नळीत), १५० मिली हेक्झेन, सॉक्सलेटमध्ये सहा तास. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली दुधातील मेद मोजण्यासाठी बनवलेले हे काचेचे उपकरण आजही जवळपास त्याच रूपात वापरले जाते. त्यात उकळलेला विद्रावक वरच्या कक्षातील पिठावर साचतो आणि कक्ष भरला की सायफनच्या नळीने खालच्या फ्लास्कमध्ये उतरतो. आमच्याकडे दर आठ मिनिटांनी सायफन उलटत होता. विद्रावक उडवल्यावर फ्लास्कच्या तळाशी मेद थंड होताना कडेने पांढरा होत मध्याकडे गोठत गेला. कोरड्या मगजाच्या ४१.६ टक्के मेद मिळाला, तीन वेळच्या मोजणीत फरक अर्ध्या टक्क्याहून कमी होता. मुक्त मेदाम्ले (मेदाचे तुकडे पडून सुटणारी आम्ले), ओलेइक आम्लाच्या रूपात, १.९ टक्के.

हेक्झेनची बाजू येथेच मांडून ठेवणे न्याय्य होईल. ते ६९ अंशांवर उकळते, त्याच्या बाष्पनाचा अप्रकट उष्मा, म्हणजे उकळत्या द्रवाची वाफ करण्यास लागणारी उष्णता, किलोमागे सुमारे ३३५ किलोज्यूल इतका कमी आहे, पाण्यात ते मिसळत नाही आणि मेदाशिवाय बियांतील दुसरे फारसे काही ओढत नाही. तेलगिरण्यांनी ते उगाच धरून ठेवलेले नाही. त्याचा दोष असा की ते खनिज तेलापासून येते, त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ पेटू शकते तो बिंदू, शून्याखाली २२ अंशांच्या आसपास आहे आणि हवेत जेमतेम सव्वा टक्का वाफ असली तरी ठिणगीला ती पुरते. फेब्रुवारी १९८१ मध्ये अमेरिकेतील लुइव्हिल शहरात सोयाबीन तेलाच्या कारखान्यातून गटारात गेलेल्या हेक्झेनच्या वाफेने पेट घेतला, तेव्हा रस्तेच्या रस्ते खालून फुटले होते. दुसरा दोष सावकाश काम करणारा आहे. एन-हेक्झेनपासून शरीरात २,५-हेक्झेनडायोन तयार होते आणि दीर्घकाळ वाफ घेणाऱ्या कामगारांच्या हातापायांच्या नसा त्याने निकामी होतात. लहान उद्योगात बंदिस्त यंत्रणा आणि गळती दाखवणारे संवेदक असण्याची शक्यता कमी असते, म्हणून हा धोका तेथे अधिक मोठा मानला पाहिजे.

२४ जून २०२४

पर्याय निवडले. लिमोनीन संत्र्याच्या सालीतून मिळते म्हणून ते प्रथमदर्शनी आकर्षक वाटते, पण ते १७६ अंशांवर उकळते. तेवढे तापवून मेदातून ते काढणे आणि वर त्याचा वास घालवणे हे आमच्या हेतूच्या विरुद्ध आहे. अतिक्रांतिक, म्हणजे प्रचंड दाबाखालील, कार्बन डायऑक्साइडचे निष्कर्षण स्वच्छ असते यात शंका नाही, परंतु त्याचा क्रांतिक दाबच ७३.८ बार आहे आणि मेदासाठी प्रत्यक्षात त्याच्या कितीतरी पट दाब लागतो. आमसूल करणाऱ्या घराच्या मागील पडवीत ते यंत्र मी कल्पू शकत नाही. दोन्ही सोडले.

राहिले ते पाच: एथेनॉल, आयसोप्रोपेनॉल, एथिल ॲसिटेट, २-मेथिलटेट्राहायड्रोफ्युरान आणि पाणी. यांतील चौथा विद्रावक शेतीतील टाकाऊ मालापासून, फरफ्युरालमार्गे तयार होतो, आणि युरोपीय संघाने २०२३ मध्ये त्याला खाद्य निष्कर्षणासाठी मान्य विद्रावकांच्या यादीत घेतले. एथेनॉल तर महाराष्ट्रात साखर कारखान्यांच्या मळीतूनच येते.

एथेनॉलसाठी मात्र थांबावे लागेल. शुद्ध अल्कोहोल प्रयोगशाळेत ठेवण्यास राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो आणि आमच्या परवान्यातील वार्षिक मर्यादा संपत आली आहे. वाढीव मागणीचा अर्ज आज दिला. हा मुद्दा प्रशासकीय वाटला तरी तो प्रकल्पाच्याच हिशेबातला आहे, कारण उद्या हा मार्ग कोणी लहान उद्योजकाने धरला तर त्यालाही ही पायरी चुकणार नाही.

२ जुलै २०२४

एथिल ॲसिटेट. उत्कलनबिंदू ७७ अंश, अप्रकट उष्मा हेक्झेनहून थोडाच अधिक, उतारा (मिळालेला मेद) ४२.३ टक्के, रंग किंचित पिवळसर. आकडे पाहून आनंद झाला होता, पण मुक्त मेदाम्लांच्या अनुमापनात ३.४ टक्के आले. त्याच पिठातून हेक्झेनने १.९ आणि याने ३.४ हे पटण्यासारखे नव्हते. विद्यार्थिनीने कुपी नाकाजवळ नेली आणि व्हिनेगरसारखा वास येतो म्हणाली, तेव्हा उलगडा झाला. पिठातील ओलाव्याने गरम एथिल ॲसिटेटचे थोडेसे जलविघटन होऊन ॲसिटिक आम्ल तयार झाले होते. ते मेदात राहिले होते आणि आमचे पोटॅश त्यालाही मेदाम्ल समजून मोजत होते. मेद ६० अंशांवर निर्वातात तासभर ठेवून पुन्हा अनुमापन केले, तेव्हा २.१ टक्के आले. विद्रावक बरा आहे, पण दमट मालाशी त्याचे जमत नाही, आणि कोकणात जून ते सप्टेंबर सगळाच माल दमट असतो.

८ जुलै २०२४

आयसोप्रोपेनॉलने ४७.१ टक्के उतारा दिला. विद्यार्थ्यांनी तो फलकावर सर्वांत वर लिहिला. मी तो पुसायला लावला, त्याचे कारण येथे लिहून ठेवतो.

आयसोप्रोपेनॉलसारखा ध्रुवीय, म्हणजे पाण्याशी मिळत्याजुळत्या स्वभावाचा, विद्रावक केवळ मेद ओढत नाही. शर्करा, फॉस्फोलिपिडे, रंगद्रव्ये, तुरट फेनॉलिक पदार्थ असे जे जे त्याला विरघळवता येते ते तो बरोबर घेऊन येतो. विद्रावक उडवून फ्लास्क तोलला की हे सगळे मेद म्हणून वजनात धरले जाते. फ्लास्कमधील पदार्थ पुन्हा हेक्झेनमध्ये ढवळला, तेव्हा तळाशी काकवीसारखा चिकट, तपकिरी थर न विरघळता राहिला. तो वेगळा करून तोलल्यावर खरा मेद ४१.९ टक्केच निघाला, म्हणजे हेक्झेनइतकाच. हेक्झेनला पर्याय शोधताना शुद्धतेची कसोटी मात्र हेक्झेननेच लावावी लागली, याचे आम्हालाही हसू आले. यापुढे प्रत्येक उतारा एकूण आणि निव्वळ अशा दोन रकान्यांत लिहावयाचा, आणि तुलना केवळ निव्वळ आकड्याची करावयाची. हिरव्या, म्हणजे पर्यावरणस्नेही म्हणवणाऱ्या, विद्रावकांनी अधिक तेल मिळाल्याचे दावे वाचताना हा दुसरा रकाना आहे की नाही, हे मी आता आधी पाहतो.

१५ जुलै २०२४

दुसरे पोते फरशीवर ठेवले होते. त्याच्या तळच्या थराला बुरशी आली. चूक माझी, फळी घालावयास हवी होती. तळच्या मगजातून हेक्झेनने काढलेल्या मेदात मुक्त मेदाम्ले ४.७ टक्के भरली. ओलाव्यात बियांतील आणि बुरशीतील लायपेज विकरे मेदाचे तुकडे पाडतात, त्याचाच हा परिणाम. हा भाग टाकून न देता वेगळ्या डब्यात ठेवला आहे, कारण आमच्या प्रयोगासाठी खराब झालेली बी हीच बाजारातील नेहमीची बी आहे.

२२ जुलै २०२४

परवान्याची मर्यादा वाढली आणि एथेनॉल आले. सॉक्सलेट लावून जेवायला गेलो, परत आलो तो सायफन बंद पडलेला होता. थिंबलचा कक्ष काठोकाठ भरला होता, खालचा फ्लास्क जवळजवळ कोरडा होण्याच्या बेतात होता, आणि सायफनच्या बारीक वाकलेल्या नळीत मेणबत्तीच्या मेणासारखा पांढरा दट्ट्या बसला होता. खिडकी उघडी होती, पावसाचा गार वारा थेट त्या नळीवर येत होता. उकळत्या एथेनॉलमध्ये विरघळलेला मेद कोमट होताच बाहेर पडतो, हे पुस्तकातील वाक्य त्या नळीत डोळ्यांनी पाहायला मिळाले. फ्लास्क तापवणारा मॅन्टल वेळेवर बंद केला म्हणून फ्लास्क वाचला.

कापूस आणि ॲल्युमिनियमची फॉइल गुंडाळून काम पुढे नेता आले असते. पण जे विघ्न वाटले तेच आपले साधन होऊ शकते, असे संध्याकाळी नळी धुताना ध्यानात आले. मेद थंडीने आपोआप बाहेर पडत असेल, तर विद्रावक उडवण्याची गरजच काय? हा विचार नवा नाही. १९३०च्या दशकात मंचुरियात सोयाबीनचे तेल गरम अल्कोहोलने काढून, मिश्रण थंड करून वेगळे केले जात असे. सोयाबीनचे तेल मात्र द्रवरूपातच तळाशी बसते. कोकमाच्या मेदात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण निम्म्याहून अधिक असल्याने तो घट्ट दाण्यांच्या रूपाने बाहेर पडतो आणि तो गाळता येतो.

२७ जुलै २०२४

सॉक्सलेट बाजूला ठेवले. ५० ग्रॅम पीठ, ३०० मिली एथेनॉल, उभा संघनक लावलेला फ्लास्क, ७५ अंशांवर ४५ मिनिटे ढवळणे आणि गरम असतानाच गाळणे, अशी नवी पद्धत. पहिल्या खेपेस थंड चिनी मातीच्या बुकनर नरसाळ्याला स्पर्श होताच मेद गोठला आणि गाळणकागद बुजला. दुसऱ्या खेपेपासून नरसाळे ओव्हनमध्ये ८० अंशांवर तापवून घेतले. गाळल्यावर चोथ्यावर ५० मिली गरम एथेनॉल ओतून धुतले. चोथ्यात साधारण तेवढाच द्राव अडकून राहतो, त्यामुळे एकूण आकारमान कायम राहते.

गाळलेला द्राव मधासारखा पिवळा आणि पारदर्शक होता. ५० अंशांच्या खाली येताना प्रथम तो दुधासारखा गढूळ झाला, मग तळाशी कण दिसू लागले. रात्रभर १० अंशांवर ठेवून सकाळी गाळला, तेव्हा कागदावर पांढराशुभ्र, रवाळ मेद आणि खाली पिवळा मातृद्राव (मेद निघाल्यावर उरलेला द्राव) मिळाला. तोच मातृद्राव पुढच्या ५० ग्रॅम पिठावर तसाच वापरला.

६ ऑगस्ट २०२४

एकाच मातृद्रावाची पाच आवर्तने झाली. हेक्झेनच्या मोजमापाने प्रत्येक ५० ग्रॅम पिठात १९.६ ग्रॅम मेद आहे. त्यापैकी क्रमाने १५.१, १६.८, १७.२, १६.७ आणि १४.२ ग्रॅम मिळाला. पहिल्या आवर्तनात कमी मिळाला, कारण कोऱ्या एथेनॉलने थंडीतही थोडा मेद धरून ठेवला. दुसऱ्यापासून द्राव आधीच तृप्त होता. पाचव्यात घसरण का झाली, याचे उत्तर एथेनॉलच्या घनतेत मिळाले. मातृद्रावाचा थोडा नमुना ऊर्ध्वपातन करून घनता-बाटलीत तोलला, तर एथेनॉल ९६ टक्क्यांवर आलेले होते. पिठातील पाणी ते पीत होते. एवढ्या पाण्यानेही गरम एथेनॉलची मेद विरघळवण्याची ताकद बरीच उतरते.

आता बुरशी लागलेल्या मगजाची गोष्ट. त्यातून हेक्झेनने काढलेल्या मेदात ४.७ टक्के मुक्त मेदाम्ले होती, एथेनॉलने काढून गोठवलेल्या मेदात ती ०.५ टक्के उतरली. मुक्त मेदाम्ले थंड एथेनॉलमध्येही विरघळून राहतात, ट्रायग्लिसराइडे, म्हणजे खरा मेद, राहत नाहीत, म्हणून निष्कर्षण आणि आम्लनिरास एकाच भांड्यात होतो. हेक्झेनच्या मेदाला या टप्प्यावर कॉस्टिक सोड्याने धुवावे लागते आणि साबणाबरोबर थोडा चांगला मेदही जातो. पाच आवर्तनांचा सरासरी उतारा हेक्झेनहून सुमारे अठरा टक्क्यांनी कमी असला तरी, शुद्धीकरणानंतरचा हिशेब धरल्यास ही तूट बरीच भरून निघते, असे माझे मत होत चालले आहे.

९ ऑगस्ट २०२४

२-मेथिलटेट्राहायड्रोफ्युरान: निव्वळ उतारा ४२.६ टक्के, रंग गडद. सॉक्सलेटमध्ये हेक्झेनच्या जागी जसाच्या तसा बसणारा हा एकच विद्रावक निघाला. पण ५०० मिलीची एक बाटली हेक्झेनच्या कित्येक पट किमतीला आली, आणि ईथर असल्याने तो साठवणीत स्फोट होऊ शकणारी पेरॉक्साइडे बनवतो, म्हणून प्रत्येक ऊर्ध्वपातनापूर्वी पट्टीने तपासणी करावी लागली. मोठ्या कारखान्यासाठी हा योग्य उमेदवार आहे, आमच्या पडवीसाठी नाही. दोन मोजण्या करून थांबलो.

१२ ऑगस्ट २०२४

पाणी. आजींच्या पद्धतीने मुठेल काढण्याचा पहिला प्रयत्न फसला. आमचे पीठ सॉक्सलेटसाठी बारीक दळलेले होते. ते उकळल्यावर मेद, पाणी आणि मगजातील प्रथिने यांचे असे पायस (एकजीव दुधाळ मिश्रण) झाले की रात्रभर ठेवूनही वर साय धरेना. वहीच्या मागच्या पानावर ‘जाडसर कुटावा’ असे मीच लिहिलेले होते. दुसऱ्या वेळी ५०० ग्रॅम मगज खलबत्त्यात जाडसर कुटला, दोन तास मंद उकळला आणि भांड्याला हात न लावता सकाळपर्यंत ठेवला. वर पिवळसर पांढरी टणक चकती आली. ती पुन्हा वितळवून गाळल्यावर ११८ ग्रॅम भरली, म्हणजे कोरड्या मगजाच्या सुमारे २५ टक्के. हेक्झेनच्या तुलनेत साठ टक्केच मेद मिळाला आणि ओला चोथा दुसऱ्या दिवशी आंबला. मात्र याला परवाना लागत नाही, आग लागण्याची भीती नाही आणि मेदात विद्रावकाचा अंश असण्याचा प्रश्नच नाही. घरापुरते मुठेल काढणाऱ्याने दुसरा कोणताही विद्रावक घेऊ नये, असे मी स्पष्ट लिहून ठेवतो. आमचा प्रश्न त्याच्या पुढच्या मापाचा, दिवसाला पन्नास-शंभर किलो मगजाचा आहे.

२९ ऑगस्ट २०२४

कोल्हापूरच्या एका प्रयोगशाळेकडून वायुवर्णलेखनाचे (मेदात उरलेला विद्रावक मोजणाऱ्या चाचणीचे) निकाल आले. हेक्झेनच्या मेदात हेक्झेनचा अंश किलोमागे ३८ मिलिग्रॅम निघाला. भारतीय अन्न सुरक्षा नियमांनुसार निष्कर्षित शुद्ध तेलात तो पाचपेक्षा अधिक चालत नाही, युरोपात तर एकच. हा आकडा हेक्झेनच्या विरोधात वापरण्याचा मोह होतो, पण ते अन्यायाचे होईल. कारखान्यात शेवटी निर्वातात वाफ सोडून मेद धुतला जातो, आम्ही हेक्झेन केवळ रोटरी बाष्पकावर उडवले होते. यातून निघणारा निष्कर्ष एवढाच की वाफेची ती यंत्रणा नसलेल्या लहान उद्योगाने हेक्झेनच्या वाटेला जाऊ नये.

केशनलिकेतील द्रवणांक हेक्झेनच्या मेदाचा ४०.२, एथेनॉलने गोठवलेल्याचा ४१.४ अंश. एथेनॉलच्या दाण्यांत स्टिअरिक आम्लाचे प्रमाणही किंचित अधिक आहे, म्हणजे घट्ट आणि मऊ मेदाचे थोडे विभाजनही आपसूक झाले आहे.

१२ सप्टेंबर २०२४

गणपतीसाठी महाविद्यालय बंद होते. जाताना मेद विरघळलेला एक गाळलेला द्राव शीतकपाटात न ठेवता जाड थर्मासच्या डब्यात गरमच राहिला होता, तो या दिवसांत अगदी सावकाश निवला. आल्यावर पाहतो तो दाणे साबुदाण्याएवढे झालेले होते आणि गाळण्यास पूर्वी जेथे वीस मिनिटे लागत तेथे चार लागली. घाईने थंड केल्यास दाणे बारीक होतात आणि त्यांच्यात पिवळा द्राव अडकतो. पुढील आवर्तनांत डबा गोणपाटात गुंडाळून रात्रभर निवू द्यावयाचा आणि मगच शीतकपाटात ठेवावयाचा.

सुट्टीत उष्णतेचा हिशेब मांडला. तो येथे सविस्तर लिहितो, कारण त्याने माझा उत्साह बराच खाली आणला. सर्व आकडे एक किलो विद्रावकामागे किलोज्यूलमध्ये आहेत. हेक्झेन २७ अंशांवरून ६९ पर्यंत तापवण्यास सुमारे ९५ आणि उडवण्यास ३३५, मिळून ४३०. एथेनॉल १० अंशांवरून ७५ पर्यंत तापवण्यास सुमारे १६२. चोथ्यात अडकलेला पंधरा टक्के भाग उडवून परत मिळवण्यास, अप्रकट उष्मा ८४० धरून, १२६. शीतकपाटाने काढून घ्यावयाची उष्णता सुमारे ४२. बेरीज ३३०. येथवर एथेनॉल शंभरने पुढे आहे. पण मातृद्राव अनंतकाळ चालत नाही. पाचव्या आवर्तनानंतर तो पूर्ण ऊर्ध्वपातन करावा लागला, तर ८४०चा पाचवा भाग म्हणजे १६८ त्यात मिळवले पाहिजेत. बेरीज ४९८ होते आणि एथेनॉल हेक्झेनच्या मागे पडते. हिशेब बरोबरीत येण्यासाठीच तोच द्राव किमान नऊ वेळा चालला पाहिजे.

म्हणजे सगळे येऊन थांबले ते जून महिन्यात मी न विचार करता ठरवलेल्या सहा टक्के ओलाव्यावर. ५० ग्रॅम पिठात तीन ग्रॅम पाणी, ते २३७ ग्रॅम एथेनॉलमध्ये दर आवर्तनाला सव्वा टक्क्याने मिसळते. पंधरा टक्के द्राव चोथ्याबरोबर जाऊन त्या जागी कोरे एथेनॉल येते, हे धरूनही पाचव्या आवर्तनाला ९६ टक्केच उरते, आणि आमची घनता-बाटली नेमके तेच सांगत होती. ओलावा तीन टक्क्यांवर आणल्यास याच गणिताने नवव्या आवर्तनालाही ९७.२ टक्के राहावे आणि कितीही आवर्तने केली तरी ९६.४ च्या खाली जाऊ नये. मगज आणखी तीन टक्के सुकवण्याचा खर्च विद्रावकाच्या किलोमागे केवळ १४ किलोज्यूल येतो. तेवढ्यानेही बरोबरीचे आवर्तन नवव्यावरून दहाव्यावर जाते, हे मात्र विसरता येत नाही. मे महिन्याच्या उन्हात हे सुकवणे फुकट होते.

उरलेला मगज आज ओव्हनमध्ये घातला.

४ ऑक्टोबर २०२४

तीन टक्के ओलाव्याच्या पिठावर नऊ आवर्तने पूर्ण झाली. प्रत्येक ५० ग्रॅममध्ये या वेळी २०.२ ग्रॅम मेद होता. मिळालेला मेद क्रमाने १५.८, १७.३, १७.८, १७.९, १७.७, १७.८, १७.५, १७.६ आणि १७.३ ग्रॅम. नवव्यानंतर एथेनॉल ९७ टक्के भरले. मातृद्राव आता चहाच्या रंगाचा झाला आहे, पण दाणे ५० मिली थंड एथेनॉलने एकदा धुतले की पांढरे होतात. नवव्या आवर्तनातील मेदात मुक्त मेदाम्ले ०.७ टक्के आहेत, पहिल्यातील मेदात ०.४ होती. ती कोठपर्यंत चढू द्यावयाची, हे मेद साबणाला जाणार की चॉकलेटला, यावर ठरवावे लागेल. वाळलेल्या चोथ्याला अल्कोहोलचा वास येत नाही, परंतु तो जनावरांना घालण्याजोगा आहे की नाही याची तपासणी अद्याप झालेली नाही, त्यामुळे तो पिशव्यांत बांधून ठेवला आहे.

दहाव्या आवर्तनाचे पीठ तोलून ठेवले आहे. यापुढचे प्रत्येक आवर्तन हेक्झेनच्या तुलनेत उष्णता वाचवणारे असेल. मगज आणखी सहा आवर्तनांपुरता आहे. कुडाळच्या त्या घरी काल फोन केला आणि पुढच्या मोसमातील बिया सोले वाळवतानाच, पाऊस येण्याच्या आधी, कवच फोडून पंधरा दिवस खळ्यात उन्हात घालता येतील का, असे विचारले. आजी म्हणाल्या की त्या नेहमीच तशा घालतात, आम्ही नेली ती पोती अंगणातल्या ढिगातली होती.